डॅशकॅम फ्यूज बॉक्सवर घेताना: आधी मोजणी, मग जोडणी

कॅमेरा बसवून आठवडा होत नाही तोच एका सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. हार्डवायर केलेल्या, म्हणजे थेट फ्यूज बॉक्समधून वीज घेणाऱ्या डॅशकॅमबद्दलची (काचेवरून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) ही सगळ्यात नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतो. फ्यूज अंदाजाने निवडलेला असतो, आणि गाडी लॉक करून अर्धा तास झाल्यावर त्या फ्यूजवर करंट राहतो की जातो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. खालचा क्रम त्यासाठी आहे. काम स्वतः करा किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, क्रम बदलू नका.

ही पद्धत १२ व्होल्टच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही १२ व्होल्टचा वेगळा फ्यूज बॉक्स असतो, पण तिथे काम कंपनीच्या वर्कशॉपकडून करून घेतलेलं बरं. नारिंगी आवरणाच्या, उच्च व्होल्टेजच्या केबलला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही.

१. पार्किंग मोड हवा की नको, हे आधी ठरवा

वायरिंग कसं होणार ते यावरच ठरतं, म्हणून हा प्रश्न पहिला. पार्किंग मोडमध्ये गाडी बंद असतानाही कॅमेरा जागा राहतो आणि साधारण ०.२ ते ०.४ अँपिअर करंट ओढतो. ०.३ धरला तर रात्रीच्या १० तासांत ३ अँपिअर-अवर जातात. लहान गाड्यांत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, तिला एवढं झेपतं. पण दिवाळीला गावी गेलात आणि गाडी ३ दिवस तशीच उभी राहिली, तर हिशोब २१ अँपिअर-अवरच्या वर जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी संपली.

नागपूरकरांनी यात ऊन धरायलाच हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज पोचतं आणि काचेला चिकटलेला कॅमेरा त्याहून तापतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालू स्थितीतली मर्यादा ६० अंशांच्या आसपास दिलेली असते. ऑफिसबाहेर दिवसभर उन्हात गाडी लावणाऱ्यांनी एप्रिल ते जून पार्किंग मोड बंदच ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बेसमेंट किंवा शेडमध्ये गाडी लागत असेल तर हरकत नाही.

कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेला घ्या. लिथियम बॅटरी सततच्या उष्णतेत फुगते. मेमरी कार्डही सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, हाय एन्ड्युरन्स प्रकारचं हवं.

२. सामान गोळा करा आणि फ्यूजचं माप घ्या

लागणारं सामान:

• कॅमेऱ्याला जुळणारं हार्डवायर किट. त्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि बॅटरी उतरली की पुरवठा तोडणारा कट-ऑफ असायला हवा.
• फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या खाचेतून कॅमेऱ्यासाठी वेगळी वायर काढणारा जोड) २ नग. पार्किंग मोड नको असेल तर १ पुरतो.
• २ आणि ३ अँपिअरचे जादा फ्यूज.
• डिजिटल मल्टिमीटर. नागपुरात बर्डीतल्या (सीताबर्डी) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधा मिळतो, तोच पुरे.
• १० मिमीचा पाना, क्रिम्पिंगची (जोड वायरवर दाबून बसवायची) पक्कड, ट्रिम उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, केबल टाय.
• वायरिंगसाठीची कापडी टेप. काळी पीव्हीसी टेप घेऊ नका. उन्हाळ्यात तिचा गोंद सुटतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो.

टॅप विकत घेण्याआधी गाडीतला एक फ्यूज काढून मोजा. साध्या मोठ्या फ्यूजची रुंदी सुमारे १९ मिमी असते, मिनी फ्यूजची ११ मिमी आणि मायक्रो-२ ची ९ मिमी. लो-प्रोफाइल मिनीही ११ मिमीचाच, पण उंचीला जवळपास निम्मा, आणि त्याचे पाय प्लास्टिकच्या खाली जेमतेम दिसतात. मिनीच्या जागी मायक्रो-२ चा टॅप ढकलून बसवला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण पकड ढिली राहते. ढिली पकड तापते आणि फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक वितळतं.

सावधान: सिगारेट लायटरमध्ये लावायच्या चार्जरची वायर कापून ती थेट फ्यूजला जोडू नका. ५ व्होल्ट करणारं सर्किट त्या चार्जरच्या बोंडात असतं. बोंड कापलं की १२ व्होल्ट सरळ कॅमेऱ्यात जातात आणि कॅमेरा त्याच क्षणी जळतो.

३. फ्यूज शोधा: बॅटरी जोडलेली असतानाच

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. अनेक जण सुरक्षिततेच्या नावाखाली आधी बॅटरीचं टर्मिनल काढतात. मग मोजायला काही उरत नाही आणि फ्यूज झाकणावरच्या चित्रावरून निवडला जातो.

आतला फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर डॅशबोर्डच्या खाली असतो, काहींत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. बॉनेटखालचा बॉक्स या कामासाठी वापरू नका. तिथे उष्णता आणि पाणी दोन्ही आहे, शिवाय वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) न्यावी लागते.

आता दोन फ्यूज हवेत:

• एसीसी (अ‍ॅक्सेसरी) फ्यूज: चावी एसीसीच्या खुणेवर फिरवल्यावर चालू, चावी काढल्यावर बंद. पॉवर सॉकेट किंवा ऑडिओचा फ्यूज साधारण योग्य ठरतो.
• कायम चालू फ्यूज: लॉक केलेली गाडी ‘झोपल्यावर’, म्हणजे तिची बाकीची सर्किट बंद पडल्यावरही १२ व्होल्ट देणारा. केबिनचा दिवा किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज तपासून पाहा.

एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इंजिन ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर), फ्यूएल पंप, हेडलाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर यांचे फ्यूज यादीतून आधीच बाद करा. २० अँपिअरच्या वरचा फ्यूजही नको. टॅपचे पत्रे एवढ्या भारासाठी बनवलेले नसतात.

मोजणी अशी करा:

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) रंग नसलेल्या धातूच्या बोल्टवर टेका. लाल प्रोब फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन छोट्या उघड्या टोकांना आळीपाळीने लावा, फ्यूज काढायची गरज नाही. चावी बंद, एसीसी, इंजिन चालू अशा तिन्ही स्थितींतले आकडे कागदावर लिहा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५.

मग चावी काढा. दरवाजाचं लॅच पेचकसाने दाबून बंद करा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटेल. रिमोटने लॉक करा आणि ३० मिनिटं थांबा. ही अर्ध्या तासाची वाट कोणी पाहत नाही आणि पुढचं दुखणं इथूनच सुरू होतं. आजच्या गाड्यांचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक, काचा सांभाळणारा कॉम्प्युटर) लॉक केल्यावर काही सर्किट १० ते ३० मिनिटं चालू ठेवतं आणि नंतर बंद करतं. लॉक करताक्षणी ‘कायम चालू’ वाटलेला फ्यूज रात्री बंद पडतो. मग पार्किंग मोड चालत नाही आणि माणूस कॅमेरा बदलून आणतो. उलटही होतं: चावी काढल्यावरही एसीसीचा म्हणून निवडलेला फ्यूज जिवंत राहतो, कॅमेरा रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करतो आणि सकाळी बॅटरी बसते.

अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. एसीसीवर शून्य आणि कायमवर १२ च्या वर आकडा आला तरच ते फ्यूज पक्के. मोजून झालं की दाबलेलं लॅच रिमोट किंवा हँडलने पुन्हा उघडा. ते तसंच राहिलं आणि दार जोरात लावलं, तर लॅच दुखावतं.

त्यानंतर निवडलेला प्रत्येक फ्यूज काढा आणि रिकाम्या खाचेच्या दोन पत्र्यांपैकी कोणत्यावर १२ व्होल्ट येतात ते पाहा. एसीसीच्या खाचेसाठी चावी एसीसीवर ठेवा. तीच बाजू पुरवठ्याची. तिथे बाहेरून मार्करने ठिपका करा, टॅप लावताना तो लागेल.

सावधान: प्रोब खाचेत खोल खुपसू नका, नुसता टेका. पत्रे एकदा फाकले की मूळ फ्यूजही ढिला बसतो.

४. टॅपची दिशा टेबलावरच ओळखा

टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात: एक गाडीचा मूळ, दुसरा कॅमेऱ्याचा. त्याच्या दोन पायांपैकी एक पाय दोन्ही फ्यूजना पुरवठा करतो. हा पाय खाचेत ठिपक्याच्या बाजूला यायला हवा. उलटा लावला तरी कॅमेरा चालू होतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण तेव्हा कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर दोन सर्किटचा भार पडतो.

पाय ओळखायला टॅपमधले दोन्ही फ्यूज काढा आणि मीटर बीपच्या खुणेवर ठेवा. एक प्रोब एका पायाला लावा, दुसरा कॅमेऱ्याच्या फ्यूजच्या खाचेतल्या दोन्ही पत्र्यांना. बीप वाजली तर तोच पुरवठ्याचा पाय. नाही वाजली तर दुसरा. त्या पायाशेजारीही ठिपका करा.

कॅमेऱ्याच्या खाचेत २ अँपिअरचा फ्यूज पुरतो, कारण कॅमेरा १२ व्होल्टवर १ अँपिअरही क्वचितच ओढतो. चालू होतानाच्या झटक्याने तो उडत असेल तर ३ चा लावा. किटमधली वायर बारीक असते, म्हणून ५ च्या वर जाऊ नका. मूळ फ्यूजच्या जागी मात्र आधी होता तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज.

आता क्रिम्पिंग. टॅपच्या शेपटाला बऱ्याचदा निळा जोड असतो, आणि तो किटच्या बारीक वायरला मोठा पडतो. वायरची साल १२ ते १४ मिमी सोला, तार दुहेरी दुमडा, मग जोडात घालून पकडीने दाबा. दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा. सुटली तर आत्ता सुटलेली बरी. पिळून टेप गुंडाळलेला जोड सिमेंट रोडच्या हादऱ्यांनी काही महिन्यांत ढिला होतो.

किटच्या वायरींच्या रंगावर जाऊ नका. काही किटमध्ये लाल म्हणजे एसीसी आणि पिवळी म्हणजे कायम, काहींत बरोबर उलट. वायरीवरचं लेबल किंवा पुस्तिका वाचा. काळी मात्र जवळपास नेहमी अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) असते. पार्किंग मोड नको असेल तर एसीसी आणि कायम, दोन्ही वायरी एकत्र करून एसीसीच्या एकाच टॅपला जोडा. बहुतेक तीन वायरींच्या किटमध्ये हे चालतं.

५. कॅमेऱ्याची जागा आणि वायरचा मार्ग

कॅमेरा आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, वायपर जिथपर्यंत पुसतो त्या पट्ट्यात लावा. पावसाच्या किंवा एडीएएसच्या (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरसमोर तो येता कामा नये. काच स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि उन्हात तापलेल्या काचेवर टेप चिकटवू नका. हे काम सकाळी लवकर उरकलेलं बरं.

वायर खोचण्याआधी चावी काढा, १० मिमीच्या पान्याने बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडवा आणि किमान ३ मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेला चार्ज तेवढ्यात उतरतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याहून जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा.

वायर आरशापासून छताच्या लायनिंगच्या कडेत बोटाने खोचत फ्यूज बॉक्सच्या बाजूच्या पिलरपर्यंत (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबापर्यंत) आणा. पिलरवर एअरबॅग अशी खूण असेल तर आत कर्टन (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग आहे.

सावधान: वायर एअरबॅगच्या समोरून कधीही न्यायची नाही. फुगण्याच्या वाटेत वायर आली तर एअरबॅग नीट उघडत नाही, आणि वायर किंवा टाय तोंडावर येऊ शकतो. पिलरचं कव्हर क्लिप न तोडता काढा, वायर एअरबॅगच्या मागून न्या आणि गाडीच्या मूळ वायरिंगच्या जुडग्याला केबल टायने बांधा. टाय एअरबॅगभोवती आवळू नका. ज्यांना कव्हर काढायचा सराव नाही त्यांनी एवढा एक भाग जाणत्या माणसाकडून करून घ्यावा.

पिलरखालून वायर दाराच्या रबरी बीडिंगमागे दाबत फ्यूज बॉक्सपर्यंत न्या. उरलेल्या वायरची मोठी सैल वेटोळी करा, कन्व्हर्टरसह ती डॅशबोर्डमागच्या पक्क्या पट्टीला बांधा.

तपासणी: ड्रायव्हरच्या जागी बसून तिन्ही पेडल शेवटपर्यंत दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. पेडलच्या आसपास वायर लोंबत असेल तर ती पुन्हा बांधा.

मागचा कॅमेरा असेल तर त्याची वायर लायनिंगमधूनच मागे न्या. डिकीच्या दारात जाताना मात्र ती मूळ रबरी नळीतूनच घालावी. बिजागरीतून मोकळी नेलेली वायर उघडझापीत तुटते आणि पावसाळ्यात तिच्या वाटेने पाणी आत येतं.

६. अर्थ

काळ्या वायरीला गोल टर्मिनल क्रिम्प करा. फ्यूज बॉक्सजवळ थेट बॉडीच्या पत्र्यात गेलेला बोल्ट शोधा, ढिला करा आणि टर्मिनल त्याखाली घट्ट आवळा. प्लास्टिकमध्ये बसलेला बोल्ट चालत नाही. रंगाच्या थरावर बसलेला बोल्टही फसवतो: कॅमेरा चालू होतो आणि खड्ड्यात बंद पडतो. एअरबॅग मॉड्यूलच्या अर्थचा बोल्ट, आणि जिथे आधीच बऱ्याच वायरी एकत्र आल्या आहेत तो बोल्ट, हे दोन्ही सोडून द्या.

तपासणी: मीटर ओहमवर ठेवा. एक प्रोब गोल टर्मिनलला, दुसरा दाराच्या बिजागरीच्या उघड्या धातूला. आकडा १ ओहमच्या खाली हवा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर मीटर जेवढं दाखवतो तेवढं त्यातून वजा करा.

७. टॅप बसवा आणि चालू करा

टॅप ठिपक्याला ठिपका जुळवून सरळ दाबा. फ्यूज बॉक्सचं झाकण बसतं का ते पाहा. बसत नसेल तर झाकण कापू नका, कमी उंचीचा टॅप आणा. मग बॅटरीचं टर्मिनल जोडा. कॅमेऱ्याची पिन अजून लावायची नाही.

चावी एसीसीवर ठेवून दोन्ही टॅपच्या शेपटावर १२ व्होल्ट येतात का पाहा. आता एसीसीच्या टॅपमधला मूळ फ्यूज काढा. शेपटावर १२ व्होल्ट राहिले तर टॅपची दिशा बरोबर. गेले, तर टॅप उलटा आहे, काढून फिरवा. मूळ फ्यूज परत लावायला विसरू नका. कायम चालूच्या टॅपवरही हेच करा.

मग पिन लावा. कॅमेरा चालू झाल्यावर चावी काढा आणि तो पार्किंग मोडमध्ये जातो का पाहा. टर्मिनल काढल्यामुळे घड्याळ बदललेलं असेल, काचांचं ऑटो बटणही पुन्हा शिकवावं लागू शकतं.

एफएमवर खरखर वाढली किंवा जीपीएस उशिरा पकडू लागलं, तर कन्व्हर्टर पिलरपासून आणि अँटेनाच्या वायरपासून लांब हलवा. हा त्रास स्वस्त किटमध्ये जास्त येतो.

८. कट-ऑफ किती ठेवायचा

किटवर ११.६, ११.८, १२.०, १२.२, १२.४ व्होल्ट असे पर्याय असतात; बॅटरी तेवढ्यावर आली की कॅमेऱ्याचा पुरवठा तुटतो. ११.६ वर ठेवलं तर रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळतं म्हणून तोच निवडला जातो, आणि हे चूक आहे. स्थिर बॅटरी १२.२ व्होल्टला साधारण निम्मी आणि १२.० ला पाव उरलेली असते. ११.८ ला ती जवळजवळ संपलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार एवढी खाली गेली की तिचं आयुष्य घटतं, आणि आपल्याकडच्या उन्हाने ते आधीच घटत असतं. नव्या बॅटरीला १२.०, दोन वर्षांहून जुनीला १२.२. किटवर वेळेची मर्यादा असेल तर ८ किंवा १२ तास ठेवा.

शेवटची मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी करा. गाडी सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज घ्या. रात्री गाडी लावल्यावर लगेच घेतलेला आकडा खोटा, चार्जिंगमुळे फुगलेला असतो. सकाळी १२.३ च्या वर असेल तर सगळं ठीक. पहिल्याच रात्री कट-ऑफजवळ पोचत असेल तर बॅटरी जुनी आहे, रोजची धाव तिला भरायला कमी पडते, किंवा एसीसीचा फ्यूज झोपत नाही. तिसरी शंका आधी तपासा: लॉक करून अर्ध्या तासाने काचेतून कॅमेऱ्याचा दिवा पाहा. तो पार्किंगऐवजी नेहमीचं रेकॉर्डिंग दाखवत असेल तर तिसऱ्या टप्प्यावर परत जाऊन दुसरा फ्यूज निवडा.